सम्मेदशिखर आणि माझा गुडघा

पारसनाथ स्थानकावर उतरून मधुबनची वाट धरली की झारखंडच्या त्या पठारी प्रदेशात एकच पर्वत दुरूनच दृष्टीत भरतो. सुमारे १,३६५ मीटर उंचीचा हा पर्वत त्या राज्यातील सर्वांत उंच होय. चोवीसांपैकी वीस तीर्थंकर येथून मोक्षाला गेले, म्हणून दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना तो सारखाच वंदनीय. नऊ किलोमीटर चढण, वर टोंकांमधून नऊ किलोमीटरांचा फेरा आणि नऊ किलोमीटर उतार अशी सत्तावीस किलोमीटरांची ही वंदना. मध्यरात्र उलटली की यात्रेकरू काठी टेकीत निघतात आणि दुपारपर्यंत खाली परततात. श्रद्धेच्या भाषेत ही वंदना. शरीराच्या भाषेत मात्र ती दीर्घ पल्ल्याची कसोटीच.

वयाच्या पंचेचाळिशीत मी पळू लागलो. पहाटेची धाव आणि वर्षाकाठी दोन अर्धमॅरेथॉन हा नेम काही वर्षे चालला. पुढे डाव्या गुडघ्यातील कूर्चेची चकती, जिला डॉक्टर मेनिस्कस म्हणतात, ती फाटली. त्यात आमचा व्यवसाय कापडाचा. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचे, गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडायचे, पुन्हा मांडी घालायची. गुडघा फार वेळ पूर्ण दुमडून ठेवला की आतला दाब वाढतो आणि दुखरी चकती चिमटते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पळण्याला दोष देत बसलो; गादीकडे कधी पाहिलेच नाही.

पाच वर्षांपूर्वी शिखरजीची पहिली यात्रा केली, ती याच गुडघ्यानिशी. काठी घेणे मला कमीपणाचे वाटले. चढण सहज पार पडली, सर्व टोंकांची वंदना झाली, पार्श्वनाथ प्रभूंच्या टोंकेवर डोळे भरून आले. खरा हिशेब उतारावर चुकता झाला. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो आणि मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या स्थितीत तो तोलून धरावा लागतो. माझे स्नायू थकले तसा सारा भार सांध्यावर गेला. शेवटचे तीन किलोमीटर डोलीतून उतरावे लागले. पुढच्या भोयाच्या पिंडरीला घट्ट कापड गुंडाळलेले होते. वयाने तो माझ्याच एवढा असावा. ज्या उताराने माझा गुडघा हरला, तोच उतार तो माझे वजन खांद्यावर घेऊन उतरत होता. त्या तीन किलोमीटरांत मी कोणाशीही बोललो नाही.

घरी आल्यावर गुडघा महिनाभर सुजलेला राहिला. आता सारे बंद, असे ठरवून मी सहा महिने अंथरुण ते दुकान एवढेच चाललो. त्याने दुखणे कमी झाले नाही, मांडी मात्र बारीक झाली. फिजिओथेरपिस्टने समजावले की पूर्ण विश्रांतीने सांधा वाचत नाही. त्याभोवतीचे स्नायू बळकट असतील तरच तो वाचतो. मग हळूहळू मांडीचे आणि नितंबांचे व्यायाम सुरू झाले. घरच्या जिन्याच्या एका पायरीवरून सावकाश पाय खाली टेकवायचा, हा त्यांतला सर्वांत मोलाचा. दुखण्याचे मापही ठरले : व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरला तर ठीक, सूज आली किंवा ठणका टिकला तर मात्रा कमी करायची. पळणे आठवड्यातून दोनदाच, तेही मऊ मातीवर. उरलेले दिवस सायकल. दुकानात गादीशेजारी उंच स्टूल आले. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक खुर्चीवर बसून करू लागलो. सुरुवातीला फार संकोच वाटला.

तो संकोच एका प्रवचनाने दूर केला. तीर्थंकर नामकर्माच्या बंधाला कारण होणाऱ्या सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ ही एक आहे. शब्द लहानपणापासून पाठ होता, अर्थाकडे कधी लक्ष दिले नव्हते. असलेली शक्ती लपवायची नाही आणि तिच्या पलीकडे देहाला ओढायचेही नाही. पहिल्या यात्रेत मी शक्तीपलीकडे गेलो, त्यानंतरच्या सहा महिन्यांत असलेली शक्ती लपवली. दोन्ही वेळा मी चुकलोच होतो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा मधुबनला गेलो. या वेळी दोन्ही हातांत काठ्या, पायांत कापडी बूट आणि मनात एक नियम : चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गौतमस्वामींच्या टोंकेवर पोहोचलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. पुढे चंद्रप्रभ प्रभूंची टोंक एका बाजूच्या शिखरावर आहे. तिथे जाताना उतरून पुन्हा तीव्र चढावे लागते. त्या वाटेच्या तोंडाशी गुडघ्यात ओळखीची कळ उठली. पाच वर्षे वाट पाहून आलो, आणि वंदना अपुरी ठेवायची? मी तिथेच घुटमळलो. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, टोंक तिथेच राहणार आहे. डावा गुडघा मात्र एकच आहे.” त्या पुढे गेल्या. मी दगडावर बसून त्या शिखराकडे तोंड करून हात जोडले. मन शांत झाले असे म्हणणार नाही. रुखरुख आजही आहे.

त्या परतल्यावर जलमंदिराचे दर्शन घेतले आणि पार्श्वनाथ प्रभूंची टोंक सावकाश गाठली. उतारावर दर अर्ध्या तासाने बसलो. लहान पावले टाकली, पायऱ्या जिथे उंच होत्या तिथे तिरपा उतरलो. मधुबनला पोहोचायला इतरांपेक्षा दोन तास अधिक लागले, पण स्वतःच्या पायांनी पोहोचलो. दुसऱ्या सकाळी गुडघा किंचित गरम होता, संध्याकाळपर्यंत निवाला.

आपल्या घरांतून दरवर्षी अनेकजण शिखरजी, गिरनार, पालिताण्याला निघतात. तिकिटे आणि धर्मशाळा महिनोन्‌महिने आधी ठरतात, गुडघ्यांची तयारी मात्र आदल्या दिवशी मलम घेऊन होते. निदान तीन महिने आधी जिना चढण्याउतरण्याचा सराव करावा. डोली घ्यावी लागली तर संकोच नको. पण वाहणाऱ्यांना ठरल्याहून थोडे अधिक द्यावे आणि उतारावर त्यांना विसावा घ्यायला आपणहून सांगावे.

चंद्रप्रभ प्रभूंच्या टोंकेची वंदना बाकी आहे. जिन्याची ती एक पायरी मी रोज उतरतो.