तांबड्या टोपीचं गाव

जर्मनीत फ्रायबुर्ग एकाहून अधिक आहेत. एक नैर्ऋत्येचं, विद्यापीठाचं, जगाला ठाऊक असलेलं. मला जायचं होतं पूर्वेकडच्या एका दुसऱ्याला. लिहिताना एका अक्षराचा फरक, उच्चार तोच. म्हणून तिकीट काढताना ‘उनश्ट्रूट नदीकाठचं’ असं दोनदा सांगितलं. नाउमबुर्गला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसले. खिडकीबाहेर नदी, आणि चढावर चुनखडीचे बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेले द्राक्षमळे. इतक्या उत्तरेला, 51 अक्षांशांवर, द्राक्ष पिकवायचं म्हणजे हट्टच. पण हट्ट जुना आहे: सम्राट तिसऱ्या ओटोच्या 998 सालच्या सनदेत इथल्या मळ्यांचा उल्लेख आहे.

टेकडीवर नॉयएनबुर्गचा किल्ला, पायथ्याशी कौलारू गाव. मी आले होते ते गावातल्या झेक्टच्या कारखान्यासाठी. झेक्ट म्हणजे जर्मनांची फेसाळती वाइन. 1856 साली मोरित्झ आणि युलिउस क्लोस हे दोघे भाऊ आणि त्यांचा मित्र कार्ल फ्योर्स्टर यांनी इथे वाइनचा व्यापार सुरू केला आणि लवकरच ते फेसाळती वाइन करू लागले. त्यांची ‘मोनोपोल’ नावाची वाइन चांगली खपायची. पण ते नाव आपलं आहे, म्हणून फ्रान्सच्या हाइडसिक कंपनीने दावा लावला. क्लोस आणि फ्योर्स्टर हरले. 1894 साली नवं नाव शोधायची वेळ आली, तेव्हा त्यांनी फक्त स्वतःच्या बाटलीकडे पाहिलं. बुचावर लाल वर्खाची टोपी होती. नाव ठरलं ‘रोटकेप्शेन’: ग्रिम बंधूंच्या गोष्टीतली तांबड्या टोपीची मुलगी, आजारी आजीसाठी केक आणि वाइनची बाटली घेऊन रानातून निघालेली. हरलेल्या दाव्यातून इतकं गोड नाव निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तळघरात उतरलं की अंगावर गारवा येतो. आमच्या वाटाड्या बाईंनी फळीच्या भोकांत तिरक्या खोचलेल्या बाटल्या दाखवल्या. बाटली रोज थोडी फिरवायची, थोडी आणखी उलटी करायची. मग यीस्टचा गाळ हळूहळू तोंडाशी जमतो. त्यांनी मनगटाचा एक छोटा हिसका देऊन दाखवला. आज बहुतेक झेक्ट मोठ्या टाक्यांत आंबवली जाते. बाटलीत आंबवण्याची जुनी रीतही इथे थोड्या प्रमाणात राखली आहे.

आणि मग ते पिंप. 1896 साली 25 ओक वृक्षांच्या लाकडातून केलेलं, दर्शनी बाजूला कोरीव काम, मावतात 1,20,000 लिटर. आकडा मनात उतरेना, तेव्हा मी आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे दहा हजार लिटरचे टँकर आठवले. असे बारा! वेगवेगळ्या वाइन एकत्र मिसळायच्या, म्हणजे प्रत्येक बाटलीची चव सारखी लागते; त्यासाठी हा खटाटोप. त्या पिंपापुढे मी बराच वेळ उभी होते. सुताराने एवढ्या मोठ्या गोष्टीवर नक्षी का कोरली असेल? काम अभिमानाचं होतं म्हणून.

सरकारचं लक्षही या फेसाकडे गेलं. कैसरच्या आरमारासाठी 1902 साली झेक्टवर कर बसला. मधली काही वर्षं सोडली तर तो आजही आहे, पाऊण लिटरच्या बाटलीमागे साधारण एक युरो. आरमार कधीच बुडालं!

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि 1948 साली कारखाना सरकारजमा झाला. क्लोस कुटुंबाने पश्चिमेला, ऱ्हाइनकाठच्या र्‍यूडेसहाइममध्ये नव्याने सुरुवात केली. इकडे लाल टोपी पूर्व जर्मनीच्या लग्नांत, वाढदिवसांत, नववर्षाच्या रात्री राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्षाला दीड कोटीच्या आसपास बाटल्या खपत. मग बर्लिनची भिंत पडली, पश्चिमेचा माल दुकानांत आला आणि लोकांनी साहजिकच नव्याची चव घेतली. 1991 साली खप तीस लाखांच्याही खाली गेला.

त्या काळाबद्दल बोलताना बाईंचा आवाज बदलला. माणसं घरी बसली, यंत्रं थांबली. तरी 1993 साली गुंटर हायझे आणि त्यांचे सहकारी, म्हणजे आतलेच अधिकारी, यांनी एकेस-शांत्रे कुटुंबाची साथ घेऊन सरकारी संस्थेकडून कारखाना विकत घेतला. पूर्वेकडच्या लोकांना नव्याची चव घेऊन झाल्यावर आपली लाल टोपी पुन्हा आठवली होती. 2002 साली याच फ्रायबुर्गवाल्यांनी पश्चिमेची नामांकित ‘मुम’ झेक्ट विकत घेतली. पूर्व जर्मनीतले असंख्य कारखाने त्या वर्षांत कायमचे बंद झाले. हा वाचला, कारण काम जाणणारी माणसं गाव सोडून गेली नाहीत. माझं तरी हेच मत झालं.

नाउमबुर्गचं कॅथेड्रल पाहायला पुष्कळजण जातात. तुम्ही गेलात तर तिथून छोट्या गाडीने फ्रायबुर्गलाही जा. तळघर पाहताना अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या, आणि पिंपापाशी घाई करू नका.