न विचारलेले प्रश्न

पाऊस आमच्या आष्टीला एखादे वर्षी हूल देतो. दहावी मात्र सहसा चुकत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. धाकटी भावंडे एक वेळ आईबापांबरोबर फडावर जातील, पण दहावीतली पोर आजीपाशीच राहते. तिची परीक्षा येते तेव्हाही ऊस पुरता तुटलेला नसतो.

या परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते जमत नाही. पुण्याच्या मुलापुढे आणि आमच्या पोरीपुढे प्रश्नपत्रिका एकच असते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बाप काय करतो हेही नसते. असतो तो बैठक क्रमांक. एवढा निःपक्षपाती न्याय गरिबाला दुसरीकडे कुठे मिळतो?

पण या न्यायाची किंमत शाळा मोजते. नववी ही दहावीची पूर्वतयारी आणि आठवी नववीची. चित्रकलेचा तास गणिताला जातो, ग्रंथालयाच्या कपाटाचे कुलूप गंजते. वर्गात कुणी वेगळे काही विचारलेच, तर उत्तर ठरलेले: “हे परीक्षेला येत नाही.”

निकालांची मौज पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली अभ्यासक्रम नवा आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतले शाळेच्या हातचे वीस गुण गेले, आणि निकाल ७७.१० वर उतरला. ते गुण पुढच्या वर्षी परत आले, निकाल ९५.३० झाला. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही, सारे मूल्यमापन शाळांनी केले. उत्तीर्ण झाले ९९.९५ टक्के!

यात मास्तरांना हसण्यासारखे काही नाही. ज्या शाळेची अब्रूच निकालाच्या फलकावर टांगलेली, तिने आपल्याच मुलांविरुद्ध साक्ष द्यावी तरी कशी? मात्र त्यामुळे मास्तरांच्या शब्दाचे मोल उतरले, आणि तेवढेच परीक्षेचे वजन वाढले.

तेव्हा परीक्षा राहू द्या. शाळेची अब्रू तेवढी तिच्यावरून उतरवा, आणि दिवसातला एक तास मास्तरांना परत द्या. सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस आमच्यापर्यंत पोचेतो का दमतो? मुकादमाने दिलेली उचल हंगाम संपला तरी का फिटत नाही? पहिला प्रश्न भूगोलाचा, दुसरा गणिताचा. दुसऱ्याचे उत्तर त्या पोरीला स्वतः मांडून पाहता आले, तर तिच्या घरात गुणपत्रिकेइतकेच तेही उपयोगी पडेल.