डबीतील साक्ष

'थुंकी झेलणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सरकारी नोकरीत उभी हयात घालविलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. साहेबांची थुंकी वरच्यावर झेलणारे बहाद्दर आम्ही कचेरीत पुष्कळ पाहिले आणि त्यांची बढती आमच्याआधी झालेलीही पाहिली. परंतु माणसाची थुंकी खरोखरीच झेलावी, ती नीट जपून ठेवावी, तिला प्रश्न विचारावा आणि तिच्याकडून खरे उत्तर काढून घ्यावे, यासाठी देशोदेशींच्या शहाण्या माणसांनी शंभराहून अधिक वर्षे आपली बुद्धी खर्च केली आहे, हे मात्र आम्हांस फार उशिरा कळले. कळले तेव्हा घरातील एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या या सीमाभागात घरात मराठी आणि अंगणाबाहेर कानडी, अशी आपणां सर्वांची रीत. मराठीत लाळ निराळी, थुंकी निराळी आणि उष्टे त्याहून निराळे. कानडीत मात्र 'एंजलु' हा एकच शब्द तोंडातल्या लाळेलाही चालतो आणि उष्ट्या अन्नालाही. शब्द दोन्हीकडे वेगळे असले तरी किळस एकच. ओठांच्या आत असेपर्यंत जी आपली, ती ओठांबाहेर पडताच विटाळ होते. शबरीची बोरे गोड मानणारा आपला समाज शेजाऱ्याच्या पेल्याला तोंड लावीत नाही, तो वरून पाणी पितो. या किळसेत आरोग्याचे शहाणपण मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तिने काय काय झाकून ठेवले, हेही पाहिले पाहिजे.

तोंडातील रसाला साक्षीला बोलाविण्याची कल्पना आपल्या मातीला अगदीच अपरिचित नव्हती. राजेश्वरहून जवळच असलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्यराज सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) राज्य करीत असता विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. तीत दिव्यांचा विचार आहे आणि त्यांत तांदळाचेही दिव्य येते. चोरीचा आळ असलेल्या माणसाला उपवास घडवून मंत्रविलेले तांदूळ चावावयास द्यावयाचे आणि पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकावयास सांगावयाचे. थुंकीत रक्त दिसले, अंग कापू लागले की तो दोषी. आजचे शास्त्र याला न्याय म्हणणार नाही. भयाने तोंडाला कोरड पडते, कोरड्या तोंडात तांदूळ टोचतात आणि निरपराध माणूसही भितोच. पण परीक्षेसाठी पान ठरलेले, पदार्थ ठरलेला, लक्षणे ठरलेली, एवढा काटेकोरपणा त्यात होता. साक्ष चुकीच्या प्रश्नावर घेतली जात होती, इतकेच.

आता आमच्या घरची गोष्ट. १९७२ साल. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. धाकटे काका कित्येक आठवडे खोकत होते. संध्याकाळी अंग तापे, रात्री घामाने उशी भिजे. माडीखालच्या खोलीत त्यांचे अंथरूण वेगळे, तांब्या वेगळा आणि पितळेचे एक जुने उगालदानही वेगळे. रोगाचे नाव घरात कोणी घेत नसे. 'त्यांना बरे नाही' एवढेच म्हणावयाचे. घरात लग्नाच्या मुली होत्या आणि क्षयाचे घर म्हणून नाव झाले असते तर कोणी दारात उभे राहिले नसते.

शेवटी दवाखान्यातून थुंकी तपासून घेण्याचे ठरले. पण ती न्यावयाची कशातून? घरातील एकही भांडे त्यासाठी द्यावयास कोणी तयार होईना. अखेरीस मलमाची एक रिकामी पत्र्याची डबी आईने राखेने घासून दिली. तिचे तोंड जेमतेम रुपयाएवढे. ती घेऊन काकांच्या खोलीत जाण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही उंबऱ्यात उभे राहिलो, एका हाताने डबी पुढे केली आणि दुसऱ्या हाताने नाक धरले. काकांनी एकवार आमच्याकडे पाहिले, पाठ फिरविली, डबीत काहीतरी थुंकले आणि झाकण लावून ती जमिनीवर ठेवली. आम्ही ती वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळली, हमरस्त्यावर येऊन मोटार धरली आणि वाटेत कोणी विचारलेच तर काय सांगावयाचे याची जुळवाजुळव करीत दवाखाना गाठला. दोन दिवसांनी चिठ्ठी मिळाली. जंतू आढळले नव्हते. आईने देवापुढे साखर ठेवली.

पुढचे चार महिने काका त्या चिठ्ठीच्या भरवशावर खोकत राहिले. मग एके दिवशी रक्त पडले. पुन्हा तपासणी झाली आणि या वेळी जंतू सापडले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सुरू झाली, परंतु फुफ्फुस बरेच गेले होते. १९७५ च्या थंडीत ते वारले. त्याआधी एकदा, आम्ही औषध घेऊन गेलो असता, ते शांतपणे म्हणाले, "बाळा, पहिल्या खेपेला मी डबीत नुसती तोंडातली लाळ टाकली रे. तू नाक धरून उभा होतास. तुझ्यादेखत खाकरायची लाज वाटली."

दोष तपासणाऱ्याचा नव्हता. जे तपासावयाचे ते त्या डबीत नव्हतेच. तोंडातली लाळ आणि छातीतून खोकून आलेला बेडका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्षयाचा जंतू फुफ्फुसात घर करतो. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी तो जगापुढे मांडला आणि पुढे त्याला तांबडा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची रीत रूढ झाली. पण काचेवर पातळ, फेसाळ लाळच आली तर दुर्बीण कितीही चांगली असो, ती बापडी काय दाखविणार? आपल्याच राज्यात बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली होती, १९६२ पासून देशभर क्षयनियंत्रणाचा कार्यक्रम चालू झाला होता. एवढे सारे उभे असता आमच्या घरापाशी मात्र सगळी साखळी एका मलमाच्या डबीवर आणि एका पोराच्या नाकावर येऊन तुटली.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा या विषयावर जे हाती लागेल ते आम्ही वाचत गेलो. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात नव्याण्णव टक्के पाणीच असते, पण उरलेल्या अंशात पाचकरस असतात, रोगाशी झुंजणारी द्रव्ये असतात आणि शरीरात चाललेल्या घडामोडींच्या खुणाही असतात. ती गोळा करणे दिसते तितके सोपे नाही. रशियाच्या पावलोव्हने कुत्र्याच्या गालातून नळी काढून लाळेचे थेंब मोजले. अमेरिकेतील कार्ल लॅशले या मानसशास्त्रज्ञाने १९१६ साली माणसासाठी एक चिमुकली वाटी वर्णिली. तिचे दोन कप्पे एकात एक बसविलेले. बाहेरच्यातील हवा ओढून घेतली की ती गालाला आतून चिकटून बसे आणि ग्रंथीतून येणारी लाळ आतल्या कप्प्यातून नळीवाटे बाहेर येई. पुढे कापसाची गुंडाळी चघळावयाची आणि नळीत घालून गरगर फिरवून तिच्यातली लाळ वेगळी करावयाची, अशी युक्ती निघाली. पण कापूस काही द्रव्ये स्वतःतच धरून ठेवतो, काहींचे मोजमाप बिघडवितो, असेही आढळले. मग नुसते थुंकावयाचे नरसाळे आले आणि त्याच्या झाकणातच टिकवणीचा द्रव साठविण्याची सोय झाली. झाकण मिटले की द्रव खाली उतरतो आणि नमुना टपालाने गेला तरी नासत नाही.

क्षयाच्या नमुन्याच्या डब्याविषयीचे नियम वाचताना तर आम्ही थबकलोच. डबा रुंद तोंडाचा असावा, म्हणजे रोग्याला नेम धरावा लागत नाही. पारदर्शक असावा, म्हणजे आत लाळ आहे की बेडका, हे न उघडता कळते. झाकण आट्यांचे असावे, म्हणजे गळत नाही. आणि नाव झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर लिहावे, कारण झाकणांची अदलाबदल होते. हा शेवटचा नियम एखाद्या जुन्या कारकुनाला सुचावा तसा आहे. प्रत्येक नियमामागे कोठेतरी एखादी चुकलेली चिठ्ठी असली पाहिजे. आमची डबी अरुंद होती, पत्र्याची होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती.

हे सारे मनात घोळत असतानाच करोनाची साथ आली. नाकात आणि घशात काडी घालून नमुना घेण्याची ती तऱ्हा आपण सर्वांनी सोसली आहे. तिला शिकलेला माणूस लागे, त्याच्या अंगावर संरक्षक पोशाख लागे, काडी ठेवावयास खास द्रव लागे आणि पुढे विषाणूचा अंश वेगळा काढावयास महागडे संच लागत. अशा वेळी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे 'नीरी'त, डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत शोधली. तिला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२१ च्या मे महिन्यात मान्यता दिली. रीत इतकी साधी, की प्रथम वाचताना आम्हांस थट्टा वाटली. एका नळीत मिठाचे पाणी. ते तोंडात घ्यावयाचे, घशात गुळणी करावयाची, खळखळवावयाचे आणि पुन्हा त्याच नळीत सोडावयाचे. घसा धरला की आपल्या आज्या जे करावयास लावीत, तेच! प्रयोगशाळेत या नमुन्यात संस्थेने तयार केलेला एक द्रव मिसळतात, अर्धा तास नेहमीच्या तापमानाला ठेवतात आणि मग ९८ अंशांवर ६ मिनिटे तापवितात. विषाणूचा अंश चाचणीसाठी मोकळा होतो. सुमारे तीन तासांत उत्तर हाती येते. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेने हे तंत्र सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या स्वाधीन केले.

आमच्या मनाला विशेष भिडले ते असे, की या शोधात नवे यंत्र कोणतेच नव्हते. उलट एकेक वस्तू वजा केलेली होती. काडी वजा, खास द्रव वजा, महागडा संच वजा आणि समोर उभा राहणारा परका माणूसही वजा. रोग्याने स्वतःच आपला नमुना द्यावा, कोणाच्या नजरेखाली अवघडून नव्हे. ज्यांच्या तालुक्याला मोठी प्रयोगशाळा नाही, त्यांच्यासाठी ही वजाबाकी केवढ्या मोलाची, हे राजेश्वरच्या माणसाला सांगावयास नको. क्षयाच्या बाबतीतही असेच काही घडले. गोव्याच्या मोलबायो या कंपनीचे 'ट्रूनॅट' हे यंत्र विजेरीवर चालते. बेडक्यातील जंतूचा अंश ते दोनेक तासांच्या आत ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला संमती दिली. पण यंत्र गावापर्यंत आले तरी डब्यात जे पडेल तेच ते वाचणार. शेवटी प्रश्न डब्याचा आणि तो पुढे करणाऱ्या हाताचा उरतोच.

याचा अनुभव २०२३ साली आम्हांसच आला. खोकला दोन आठवड्यांवर लांबला आणि वैद्यांनी नमुना मागितला. एक तेथल्या तेथे, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तो रुंद तोंडाचा पारदर्शक डबा घेऊन मोकळ्या अंगणात गेलो. घरात खोकून नमुना काढू नये, उघड्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन काढावा, असे बजावले होते. चूळ भरली, खोल श्वास घेतला, छातीच्या तळापासून खाकरलो. मागे पाहिले तर आमचा बारा वर्षांचा नातू ओसरीवर उभा होता. त्याने नाक धरले नव्हते. "आबा, आत्ताचं नुसतं पाणी आहे, परत एकदा करा," असे त्याने लांबूनच सांगितले. डब्यातले त्याला तेथून दिसत होते!

आम्ही परत एकदा खाकरलो. झाकण घट्ट लावले, डबा बाहेरून पुसला, अंगावर नाव लिहिले आणि हात धुतले. नातवाने तो पिशवीत सरळ उभा ठेवला. वर्तमानपत्र त्याने मागितले नाही आणि आम्हीही दिले नाही. पोरगा आमच्याहून मोठ्या मनाचा आहे, असे म्हणावयास आम्हांस आवडेल. पण झाकण गळत नाही हे त्याला ठाऊक होते, हेही खरे. १९७२ साली जे आमच्या मनाकडून झाले नाही, त्यातले थोडे काम त्या आट्यांच्या झाकणाने केले.

चार दिवसांनी चिठ्ठी आली. जंतू आढळले नव्हते. तेच शब्द. या खेपेस मात्र आम्ही त्यांवर विश्वास ठेवला.

काकांचे पितळी उगालदान अजून माडीखालच्या खोलीत आहे. गेल्या दिवाळीत सुनेने ते मोडीत घालण्याविषयी विचारले. आम्ही नको म्हणालो. का, ते मात्र सांगितले नव्हते. ते येथे लिहिले आहे.