कोटाची बटणे

मुलांना भीती वाटू नये म्हणून वडीलधारी माणसे धडपडत असतात. परवा माझ्या दहा वर्षांच्या पुतणीला भीती वाटली नाही, याचे मला चक्क दुःख झाले!

तिच्या वाढदिवसासाठी मी अप्पा बळवंत चौकातून एक चित्रकादंबरी आणली होती. नील गेमन या इंग्रज लेखकाची ‘कोरालाइन’ ही मुलांसाठी लिहिलेली भयकथा २००२ साली प्रसिद्ध झाली, पी. क्रेग रसेल याने २००८ साली तिला चित्ररूप दिले. कथा मोठी विलक्षण आहे. दिवाणखान्यातले एक दार उघडले की समोर विटांची भिंत. एके दिवशी ती भिंत नाहीशी होते, आणि पलीकडे आपल्याच घरासारखे दुसरे घर दिसते. तेथे आईसारखी भासणारी एक बाई पाठमोरी उभी असते. ती वळते, तो तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे!

मूळ पुस्तक वाचले त्या रात्री दिवा मालवायला मला अंमळ उशीर झाला होता, हे प्राध्यापकी प्रतिष्ठा बाजूला ठेवून कबूल करतो. पुतणीने मात्र चित्रकादंबरी तासाभरात संपविली आणि जांभई देत म्हटले, “छान आहे, काका. पण भीती नाही वाटली.”

मग मीही ती चाळली. रसेल हा सामान्य चित्रकार नव्हे; वाग्नरच्या संगीतनाटकांनाही त्याने चित्ररूप दिले आहे. रेषा स्वच्छ, घर घरासारखे, मांजर मांजरासारखे. घोटाळा तेथेच झाला होता. सारे काही उजेडात होते. लेखक ‘बटणे’ हा शब्द वाक्याच्या शेवटापर्यंत मुठीत झाकून ठेवू शकतो. चित्रांच्या पानावर पहिली चौकट वाचण्यापूर्वीच नजर शेवटच्या चौकटीला शिवून येते. चित्रांशी माझे वैर नाही. मूळ पुस्तकातही डेव्ह मॅकीनची चित्रे आहेत. पण ती मोजकी, वाचकाला जागा सोडणारी.

आम्हा पुणेकरांना हे नवे वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पौर्णिमेच्या रात्री तेथे त्यांची ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही दंतकथा ऐकून मीही लहानपणी पांघरुणात तोंड लपविले आहे. पण ते भूत कसे दिसते, हे मला कोणी कधी सांगितले नाही. हाक तेवढी त्यांची. बाकीचे भूत माझे मी घडविले, म्हणून त्याला तोंड देण्याचे धैर्यही माझे मलाच घडवावे लागले. आयते भय मिळालेल्या मुलाला हे धैर्य कोठून यावे?

त्या रात्री मी दिवा मालवून तोच प्रसंग पुतणीला नुसता सांगितला. बटणांपाशी येऊन थांबलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग अंधारातून बारीक आवाज आला,

“काका, बटणे म्हणजे तुमच्या कोटाला आहेत तशी?”

खुंटीवर माझा काळा कोट टांगलेला होता.

“असतील तशीच.”

“मग तो कोट बाहेर नेऊन ठेवा ना!”

मी निमूटपणे कोट बाहेर नेला. आणि कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेऊन, बटणे भिंतीकडे येतील अशा बेताने तो टांगला.