आणखी एक दिवस

ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, डॉक्टर बाहेर येतात आणि नवऱ्याला विचारतात, आई हवी की मूल? सिनेमानं हा प्रसंग लोकांच्या मनात पक्का बसवला आहे. मी हा प्रश्न कुणालाही विचारलेला नाही. आईचा जीव आधी, यावर आमच्या वॉर्डात कधीच दुमत नसतं. आमचा जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच प्रश्नानं: आज की उद्या?

29 आठवड्यांची गरोदर बाई येते. पायांवर, चेहऱ्यावर सूज, बीपी 160/110, लघवीत प्रोटीन. या प्रीएक्लॅम्पसियाला खरा उपाय एकच, बाळंतपण. वार बाहेर पडली की आजार हळूहळू ओसरू लागतो. पण 29 आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं अजून कच्ची असतात. ती तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं द्यायची, दर 12 तासांनी एक, अशी चार. त्यांचा पुरता गुण यायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस आईच्या शरीराकडूनच मागून घ्यायचे असतात. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू करायचं. त्याच मॅग्नेशियमनं श्वास मंदावू नये म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची. प्लेटलेट्स उतरल्या का? डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बरगडीखाली कळ येते का? हे मी इतक्यांदा विचारते की मला पाहताच बाई म्हणते, "काही नाही मॅडम, बरंय." तेव्हाच माझी धास्ती वाढते. पोटातल्या बाळाला अजून दिवस मिळावेत म्हणून ही दुखणं लपवत तर नसेल? पुष्कळ जणी लपवतात.

बाहेर बसलेल्या सासूला वाटतं, डॉक्टर काहीच करत नाहीत. खरंच, करण्यापेक्षा थांबणंच कठीण. सिझर करताना हात कामात असतात. थांबताना सगळा भार मनावर येतो आणि तो घरी जेवणाच्या ताटापर्यंत सोबत येतो.

या थांबण्याला हिंमत लागते, आणि ती कशानं खचते हे 2022च्या मार्चमध्ये दिसलं. राजस्थानात दौसा जिल्ह्यातल्या लालसोटला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं एक बाई दगावली. जमाव जमला, पोलिसांनी डॉ. अर्चना शर्मांवर खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वास्तविक 2005 मध्येच जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की, स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर अशी कारवाई करू नये. डॉ. शर्मांच्या बातमीनं मला रडू आलं, रागही आला. पण त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. भीती निर्णयात शिरते. जिथे आणखी एक दिवस थांबता आलं असतं, तिथे सिझर लवकर होतं, नाहीतर कागदावर 'रेफर' लिहून बाईला अॅम्ब्युलन्समध्ये बसवलं जातं. हिरावला जातो तो बाळाच्या वाट्याचा दिवस.

आणि तो दिवस मिळतो तेव्हा? दोनाचे चार झाले, चाराचे सहा झाले, की सकाळच्या राउंडला सिस्टरचा आवाजसुद्धा बदललेला असतो. मग सव्वा किलोचं बाळ एनआयसीयूतून आईच्या उघड्या छातीवर येतं, कांगारूसारखं बांधलेलं, आणि त्याचा श्वास स्थिरावतो. या समाधानापुढे मला दुसरं काही मोठं वाटत नाही. दमलेली असते, पण त्या दिवशी दमणं बोचत नाही.

अशीच एक आई परवा लेकीला कडेवर घेऊन ओपीडीत आली. दुसऱ्याचा विचार करतेय म्हणाली, पण घाबरली होती. मी सांगितलं, बीपी पुन्हा वाढू शकतं. म्हणून बाराव्या आठवड्यापासून अॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू. तिनं धोका कमी होतो, पुरता जात नाही. "मग पाळी चुकली की लगेच येते," ती म्हणाली. मी तिच्या कागदावर मागच्या बाळंतपणाचं बीपी आणि आठवडे लाल शाईनं, अगदी वर लिहिले. ती कुठल्याही दवाखान्यात गेली तरी पहिल्या नजरेत दिसायला हवेत.