हळू बोला, बाबा झोपलेत

परगावचा पाहुणा आमच्या भिवंडीत मुक्कामाला राहिला, की पहिल्या रात्री मागांच्या आवाजाने त्याला झोप लागत नाही. गाववाल्यांचे याच्या उलट. वीज गेली, खटखट एकाएकी थांबली, की गल्लीतली म्हातारी माणसे अंथरुणात उठून बसतात आणि ‘काय झालं?’ म्हणून विचारतात. आवाजाने जागे होणारे जग फार मोठे आहे. शांततेने दचकून जागे होणारे गाव क्वचितच असेल. अशा गावात मास्तरकी करताना एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली. शांतता ही आपोआप मिळणारी वस्तू नव्हे. ती कोणीतरी कोणासाठी तरी राखावी लागते.

यंत्रमागाचा कारखाना ज्यांनी आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. एका छपराखाली ओळीने माग मांडलेले. पाळी बारा तासांची, एक दिवसाची आणि एक रात्रीची. एकेका कामगाराच्या वाट्याला चार, सहा, कधी आठही माग. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे अखंड धावत असतो. मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. तार तुटून माग थांबला की कमाईही थांबली! म्हणून नजर सारखी धाग्यावर आणि गाठ मारायला बोटे तयार. एवढे करून हाती येते ते कोरे कापड. त्याला रंग आणि नक्षी पुढे चढते. विणणाऱ्याने आपल्या कापडाची साडी झाली की पडदा झाला, हे बहुधा पाहिलेलेही नसते. त्या गदारोळात बोलणे अशक्य. माणसे ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांचे मनोगत ओळखतात. अशी पंधरा-वीस वर्षे गेली, की मग कारखान्याबाहेर आल्यावरही बोलणे नीट ऐकू येत नाही. माणूस कामावर जात राहतो. कानांनी मात्र रजा घेतलेली असते.

हे सारे मला माहीत होते. पण त्याचा अर्थ मला सातवीतल्या एका मुलाने शिकवला. मी वर्गाला ‘माझे बाबा’ हा निबंध घातला होता. या विषयावरचे निबंध कसे असतात, हे कोणत्याही मास्तराला विचारा. सगळ्यांचे बाबा पहाटे उठतात, वर्तमानपत्र वाचतात आणि कष्टाळू, प्रेमळ असतात. पद्मानगरकडून येणाऱ्या या मुलाच्या घरी बोली तेलुगू. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले. मुलगा मात्र आमच्या शाळेत मराठी गिरवणारा. त्याने पाचच वाक्ये लिहिली होती : ‘माझे बाबा रात्रपाळीला जातात. दिवसा ते झोपतात. तेव्हा आई म्हणते, हळू बोला, बाबा झोपलेत. बाबांना कमी ऐकू येते. ते उठले की आम्ही मोठ्याने बोलतो.’

ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या मी केल्या सवयीने लाल शाईने दुरुस्त. मग त्याला जवळ बोलावून म्हटले, “अरे, बाबांना कमी ऐकू येतं ना? मग ते झोपल्यावर हळू कशाला बोलायचं?”

इतकी साधी गोष्ट गुरुजींना कळू नये, याचे आश्चर्य त्याच्या चेहऱ्यावर उमटले. “ते झोपलेत ना, गुरुजी!” एवढेच तो म्हणाला.

वाचकहो, तेव्हापासून त्या घरातली कुजबुज माझ्या मनात घर करून आहे. एका खोलीचा संसार, दुपारची वेळ, बाहेर मागांचा गोंगाट, आणि आत ज्याला ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही अशा माणसासाठी तीन पोरे आणि त्यांची आई दबक्या आवाजात बोलताहेत. व्यवहाराच्या तराजूत या कुजबुजीचे वजन काय? शून्य. ज्याच्यासाठी ती चालली आहे त्याला तिचा पत्ताही नाही. पण देवापुढे नैवेद्य ठेवतानाही तो खाणार नाही हे आपल्याला ठाऊक असतेच की! ताट वाढायचे ते आपल्या मनातल्या आदरासाठी. त्या माउलीने पोरांना शिकवलेले आहे ते हेच : बाबा रात्रभर उभे होते, आता त्यांची झोप ही घरातली सर्वांत मोलाची वस्तू आहे.

असाच आदर मी परक्यांतही पाहिला आहे. उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले कितीतरी कामगार इथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला येऊन पडतो. दोघांची भेट काय ती पाळी बदलताना, दाराशी. आमच्या शेजारी अशी एक खोली आहे. तिथे रिवाज असा, की कामावर निघणाऱ्याने चादर झटकून घालायची आणि पाण्याचे मडके भरून ठेवायचे. मी एकाला सहज विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “आनेवाला थका हुआ आता है, मास्टरजी.” ज्याच्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलायची सवड नाही, त्याच्या तहानेची आठवण ठेवणारी ही माणसे आहेत. नात्याला सहवास लागतो असे आपण म्हणतो. मला वाटते, सहवासापेक्षाही त्याला आठवण अधिक लागते.

जे खोलीला लागू, तेच गावालाही. भिवंडीचे नाव घेताच जुन्या माणसांना १९७० आणि १९८४ या सालांचे दंगे आठवतात, आणि ते आठवावेत इतके भयंकर होतेच. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलीस नियमाने एकत्र बसू लागले, आणि तेही काही भांडण नसताना! १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली तर खरेखोटे कोणाला विचारायचे, हे लोकांना माहीत झाले होते. त्या झोपलेल्या बापापुढची कुजबुज आणि या बैठका मला एकाच जातीच्या वाटतात. गरज पडण्याआधी केलेले सौजन्यच गरजेच्या वेळी उपयोगी पडते.

आता गाव बदलते आहे. पुष्कळ माग भंगारात गेले. माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या बाजूंना गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्याची सोय म्हणून ती वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि फोफावली. तुम्ही घरबसल्या मागवलेला आकाशकंदील कदाचित आमच्याच शिवारात एक रात्र काढून तुमच्या दारी आला असेल. रात्री बोट टेकवावे आणि दुसऱ्या दिवशी वस्तू हजर व्हावी, यात मौज आहे, मी नाही म्हणत नाही. पण या दोन्हींच्या मध्ये कोणाची तरी रात्र असते. खोके घेऊन धापा टाकत आलेल्या पोराला ‘उशीर का?’ म्हणण्याआधी ‘पाणी घेतोस?’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आणि घरात? आमच्या घरी चार माणसे आणि तितकेच मोबाईल. कानांत बोंडे घालून प्रत्येकजण आपापल्या जगात. माग एक दिवसही न चालवता आम्ही सुशिक्षितांनी बहिरेपण मिळवले आहे! तरी मी निराश नाही. आमची मंडळी नोकरीसाठी रोज ठाण्याला जाऊन येते. रविवारी दुपारी ती जरा आडवी झाली, की आमची कन्या न सांगता आपल्या यंत्राचा आवाज बंद करते आणि स्वयंपाकघरातली भांडी जपून ठेवते. एवढे ज्या घरात अजून होते, त्या घराची काळजी करू नये.

परवा पालकसभेला तो पद्मानगरचा बाप आला होता. रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले. ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तशा खणखणीत आवाजात त्याने सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे विचारले, “गुरुजी, पोरगा ऐकतो ना?”

माझा आवाज शाळेत बराच चढा समजला जातो. मी तो आणखी चढवला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, “ऐकतो! फार चांगलं ऐकतो!”

मग मुलाला म्हटले, “बाबांना आता घरी घेऊन जा. त्यांची झोपायची वेळ झाली.”