रक्त नको, स्वॅब हवा

केमोच्या तिसऱ्या सायकलनंतर आईचं तोंड आलं. शेजारच्या काकूंनी जाईचा पाला चघळायला सांगितला. केमोत तोंड येतंच, हे आम्हालाही माहीत होतं. पण हे फोड वेगळे होते. टाळूवर आणि हिरड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे, पुंजक्यानं उठायचे, फुटायचे आणि एकमेकांत मिसळून वेड्यावाकड्या कडांची जखम व्हायची. पाण्याचा घोटही आईला सोसवत नव्हता.

मिरजेच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. "केमोमुळे असेल, बुरशी असेल किंवा हर्पीस. तिन्हींचे उपचार वेगळे. फोडाच्या स्वॅबची पीसीआर करू."

हर्पीस म्हटल्यावर आई बावरली. डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं, "आजी, यात लाजण्यासारखं काही नाही." हर्पीसचा एचएसव्ही-१ हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांना त्याचा संसर्ग आहे. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती खचली की उसळतो.

तासगावला घरी येऊन मी लॅबना फोन लावले. जो तो म्हणे, "हर्पीसची रक्ततपासणी होते, आयजीजी-आयजीएम. पेशंटला घेऊन या." डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी साफ नको म्हटलं. आयजीजीवरून एवढंच कळतं की संसर्ग आयुष्यात कधीतरी झालाय, आणि आयजीएमवर विसंबता येत नाही. आजचा फोड कशाचा, हे त्या फोडातूनच कळणार.

शेवटी सांगलीतल्या एका कलेक्शन सेंटरच्या तंत्रज्ञानं फोन न ठेवता यादी तपासली. "होते ताई. सॅम्पल मुंबईला जाईल." कोविडच्या वेळी पाहिली होती तशी गुलाबी द्रवाची नळी आणि नायलॉनचा स्वॅब त्यानं हातात दिला. खपली धरलेला नको, ताजा फोड हवा. सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. नेताना बर्फाचे पॅक लावायचे. नळीवर नाव, तारीख आणि जागा लिहायची. हे सगळं त्यानं मला कागदावर लिहून दिलं.

मिरजेत डॉक्टरांनी एक फोड हलकेच फोडला, त्याच्या तळाशी स्वॅब फिरवला आणि काडी नळीत मोडून झाकण घट्ट लावलं. बुरशीसाठी वेगळा नमुना तिथल्याच लॅबमध्ये दिला. रिपोर्टची वाट न पाहता त्याच संध्याकाळी हर्पीसवरचं असायक्लोव्हिर सुरू केलं. जेवण जात नसलेल्या पेशंटला थांबवून ठेवणं धोक्याचं, असं ते म्हणाले.

बुरशी निघाली नाही. मुंबईच्या रिपोर्टात एचएसव्ही-१ सापडला. त्यावरून पुढच्या सायकलींमध्ये आधीपासूनच हे औषध द्यायचं ठरलं, आणि आईची केमो वेळेवर पूर्ण झाली. त्या एका रिपोर्टचं मोल मला तेव्हा कळलं.

आता कुणी विचारलं की मी सांगते: लॅबला "हर्पीसची टेस्ट होते का" असं विचारू नका. तोंडातल्या फोडाच्या स्वॅबवर पीसीआर होते का, नळी कोण देणार, कुरिअर कधी निघतं आणि रविवार आला तर सॅम्पल कुठे राहणार, हे विचारा. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रं आली. मग केमोच्या फाइलबरोबरच जवळच्या अशा लॅबचा पत्ता प्रत्येक कुटुंबाला मिळायला हवा. दुखणं अंगावर असताना तो शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.